ईश्वरसाक्ष पाच मिनिटे

सभेत उभे राहून स्वतःविषयी बोलणे हे आमच्या तरुणपणी असंस्कृतपणाचे लक्षण मानले जाई. बोलायचेच झाले तर मनुष्याने ज्ञानेश्वरांविषयी बोलावे, शिवाजीमहाराजांविषयी बोलावे, अगदीच विषय सुचेनासा झाला तर दशमान पद्धतीच्या नाण्यांविषयी बोलावे, परंतु ‘मी’ हा शब्द आभारप्रदर्शनापूर्वी उच्चारू नये, असा एक अलिखित दंडक होता. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या शहराने कित्येक उन्हाळे जगाच्या प्रश्नांवर घाम गाळला. परंतु वक्त्याची सून त्याच्याशी कशी वागते, हे त्या व्यासपीठावरून कोणास कळल्याचे माझ्या ऐकिवात नाही. कीर्तनकार तर याहून कडक. पूर्वरंगात तो परमार्थाचे निरूपण करी, उत्तररंगात हरिश्चंद्राचे किंवा दामाजीपंतांचे आख्यान लावी, आणि त्याच्या स्वतःच्या घरी त्या दिवशी चूल पेटली आहे की नाही, याचा पत्ता आरतीचे तबक फिरेपर्यंत श्रोत्यांस लागू देत नसे.

आता काळ पालटला आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यक्रमपत्रिकेत मधुमेह, मृत्युपत्र आणि मोतीबिंदू या नित्य विषयांच्या जोडीला ‘स्वानुभवकथन’ हा नवा विषय दाखल झाला असून, ज्यांचे अनुभव घरची माणसे पंगतीत अडकलेली असतानासुद्धा ऐकून घेत नाहीत, अशा समस्त सभासदांची त्यामुळे मोठीच सोय झाली आहे. या प्रकाराचा उगम दुर्दैवाने आमच्याच घरात आहे.

माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो आणि येताना दर खेपेस चॉकलेटांबरोबर एखादी कल्पना घेऊन येतो. चॉकलेटे संपतात. मागल्या खेपेची कल्पना अशी की, जॉर्ज डॉझ ग्रीन नावाच्या एका अमेरिकन कादंबरीकाराने १९९७ साली न्यूयॉर्कातील आपल्या दिवाणखान्यात माणसे जमवून त्यांस स्वतःच्या आयुष्यातील खऱ्या गोष्टी सांगावयास लावले. जॉर्जिया प्रांती उन्हाळ्याच्या रात्री ओसरीवर मित्रमंडळी गोष्टी सांगत बसत आणि दिव्याभोवती पतंग गोळा होत, त्या आठवणीवरून या उपक्रमास त्याने ‘द मॉथ’ असे नाव दिले. आणि आता गावोगावी लोक ते ऐकावयास तिकीट काढून जातात.

“तिकीट कोणी काढायचे? सांगणाऱ्याने?” मी विचारले.

“नाही काका, ऐकणाऱ्याने.”

मी त्याला पुन्हा विचारले. त्याने पुन्हा तेच सांगितले. ओसरीवर बसून रात्र रात्र गप्पा मारण्याचा व्यवसाय आमच्या आळीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु त्यावर जकात बसवता येते, ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात येऊ नये, याचे मला वैषम्य वाटले.

या प्रकाराचे नियम पुतण्याने सांगितले ते असे: ज्याला सांगावयाचे असेल त्याने आपल्या नावाची चिठ्ठी टोपीत टाकावी, चिठ्ठी निघेल त्याने पुढे यावे, गोष्ट खरी पाहिजे, स्वतःची पाहिजे, हातात कागद न घेता सांगितली पाहिजे आणि पाच मिनिटांत संपली पाहिजे, वर फार तर एका मिनिटाची सवलत, आणि गुण देणारे परीक्षक श्रोत्यांतूनच निवडले पाहिजेत. हे ऐकून मला मोठी मौज वाटली. कारण दिवाणी न्यायालयात कारकुनापासून शिरस्तेदारापर्यंत ज्याची हयात गेली, त्याने दुसरे ऐकले तरी काय? ईश्वरसाक्ष खरे सांगावयाचे, स्वतः पाहिलेले तेवढेच सांगावयाचे, कागद चाळावयाचा असल्यास कोर्टाची परवानगी घ्यावयाची. फरक इतकाच, की तेथे शेवटी टाळ्या पडत नाहीत आणि साक्षीदारास भत्ता मिळतो.

भत्ता द्यावा लागत नाही, ही गोष्ट आमच्या संघाच्या चिटणीसांनी तत्काळ हेरली. बाहेरचा व्याख्याता आणावयाचा म्हणजे मानधन, रिक्षाभाडे, शाल, श्रीफळ आणि व्याख्यान एवढी पाच संकटे; घरचेच वक्ते म्हटल्यावर सगळी एकदम टळतात. तेव्हा पुतण्या परत गेला आणि कल्पना येथेच राहिली.

येथे मला एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. माणसांसमोर उभे राहून गोष्ट सांगण्याची कला महाराष्ट्रास अमेरिकेहून मागवावी लागत नाही. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव कथाकथने करून माणसांच्या मुरकुंड्या वळवल्या. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याच्या देहात बावन्न पात्रे उतरवून दाखवली. पु. ल. देशपांडे ‘असा मी असामी’ सांगावयास उभे राहत, तेव्हा तर गोष्ट प्रथमपुरुषी एकवचनात चाले, आणि तो ‘मी’ म्हणजे धोंडो भिकाजी जोशी नावाचा, कधीच जन्मास न आलेला कारकून होता. पण मिरासदारांचे भूत खरे होते का, म्हणून कोणी त्यांस अडवले? त्या वऱ्हाडाचा पासपोर्ट कोणी तपासला? धोंडो भिकाजीच्या बायकोने तिसऱ्या रांगेतून उठून “अहो, असे नव्हते” म्हणून कधी सांगितले? नाही; कारण ती अस्तित्वातच नव्हती. ज्याने गोष्ट रचली त्याला साक्षीदारांचे भय नाही. खऱ्या गोष्टीची मात्र अवस्था अशी, की ती घडली तेव्हा कोणी ना कोणी तेथे हजर असतेच, आणि तेवढेच एक माणूस पुढे पन्नास-साठ वर्षे जगते.

या बाबतीत भाग्यवान म्हणावयाचे ते वरसईचे विष्णुभट गोडसे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी मोठा यज्ञ मांडल्याची वार्ता ऐकून, भरघोस दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल या हिशेबाने भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले, आणि दक्षिणेऐवजी त्यांच्या वाट्यास बंड आले. झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला, राणी लक्ष्मीबाईंस पाहिले, आणि जीव वाचवून कोकणात परत आले. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी हे सारे ‘माझा प्रवास’ म्हणून लिहून काढले आणि ते पुस्तक त्यांच्या पश्चात, १९०७ साली निघाले. आता विचार करा. झाशीतील साक्षीदार झाशीत. दरम्यान नर्मदा, तापी, गोदावरी इतक्या नद्या. वरसईच्या ओसरीवर बसून भटजींनी तोफेचा गोळा बेलफळाएवढा सांगितला काय आणि नारळाएवढा सांगितला काय, उठून हरकत घेणारा कोण? बरोबर त्यांचे एक काका होते खरे. परंतु काका या नातेवाईकाचा दरारा पुतण्या प्रकाशित होईपर्यंत टिकत नाही, असा इतिहासाचा सर्वसाधारण दाखला आहे.

माझ्यापाशी झाशी नव्हती. नाव तर चिठ्ठीवर घालून बसलो, आणि मग आयुष्याची झडती घेऊ लागलो. नोकरी झाली, बढती झाली, पेन्शन झाली. मधून मधून मुलेही झाली. परंतु ज्याला घटना म्हणता येईल असे काहीएक माझ्या हातून झाले नव्हते. इतरांच्या घटनांची मात्र दप्तरे भरली होती. बांधावरून डोकी फुटल्याच्या जबान्या मी उतरून घेतल्या, गहाळ झालेल्या मृत्युपत्रांच्या कैफियती वाचल्या, आणि या सगळ्यातून एकच ज्ञान पदरी पडले ते असे, की खरा साक्षीदार अडखळतो, खाकरतो, “नक्की आठवत नाही साहेब” म्हणतो, आणि ज्याला शर्टाच्या गुंडीच्या रंगासकट सर्व आठवते तो पढवून आणलेला असतो. हे ज्ञान व्यासपीठावर निरुपयोगी. श्रोत्यांना गुंडीचा रंग पाहिजे असतो.

सुदैवाने पुण्यातील एका ठरावीक वयाच्या माणसाजवळ, त्याच्या आयुष्यात काहीही घडले नसले तरी, एक गोष्ट हमखास असतेच. ती म्हणजे पानशेत.

१२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचे मातीचे धरण पहिल्याच पावसाळ्याच्या पाण्याने सकाळी फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे इंग्रजी अमदानीतील दगडी धरणही टिकले नाही, नदीवरचे पूल पाण्याखाली गेले, काठच्या पेठांत पाणी शिरले, आणि खडकवासलाच वाहून गेल्यामुळे बुडालेल्या शहरास प्यावयास पाणी उरले नाही. ज्यांचे संसार त्या दिवशी खरोखर धुऊन गेले, ज्यांना पुढे गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वस्त्यांत पहिल्या चमच्यापासून प्रपंच मांडावा लागला, ती माणसे या विषयावर फारशी बोलत नाहीत, असा माझा अनुभव आहे. बोलतो तो आमच्यासारखा, ज्याचा फार तर जोडा गेला तो.

पानशेतच्या पाण्याचा एक विशेष असा, की ते अद्याप चढत आहे. आमच्या शनिवारातील वाड्यात ते जोत्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आले होते, असे सांगणारे एक वृद्ध बिऱ्हाडकरू माझ्या विद्यार्थिदशेत हयात होते. ते वारल्यावर पाणी माजघरात शिरले. पुढे त्यांच्या कुटुंबानेही देह ठेवला, तेव्हा ते माडीवर चढले. मालक निवर्तल्यानंतर तर वाड्याच्या कौलांवरून होड्या गेल्या, आणि अखेरीस वाडा पाडून तेथे सहा मजली इमारत उभी राहिली, तेव्हापासून मर्यादा अशी काही उरलीच नाही.

माझ्या स्वतःच्या कथेचा आधारस्तंभ म्हणजे आमचे तांब्याचे घंगाळ. चार माणसांनी उचलावे एवढे थोरले, कडा दुमडलेले, दोन बाजूंस कड्या असलेले. त्या दिवशी हे घंगाळ पाण्यावर उचलले जाऊन दिंडीदरवाजातून संथपणे बाहेर पडले, हा प्रसंग मी महाविद्यालयात असताना मित्रांना सांगत असे, आणि तेव्हा ते रिकामे होते. मुलगी पाहावयास गेलो असता, भावी सासऱ्यांशी बोलावयास काही तरी पाहिजे म्हणून, त्यात एक मांजर बसले होते असेही मी सांगितले. पुढे धुळ्यास बदली झाली. तेथे पुण्याचे कोणी नाही अशी खात्री करून घेतल्यावर मी स्वतःच त्यात जाऊन बसलो. हा तिखटमीठ लावण्याचा प्रकार आहे, असे अरसिक मनुष्य म्हणेल. माझे म्हणणे असे, की काही आठवणी येण्यास मुळातच विलंब लागतो. पोस्टातून पत्र उशिरा मिळाले म्हणून ते लिहिलेच नव्हते असे होत नाही.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. चिठ्ठ्यांसाठी टोपी कोणती घ्यावी, यावर कार्यकारिणीत आधीच बराच खल झाला होता: गांधी टोपी घेतली तर राजकारणाचा वास येतो, पुणेरी पगडीत चिठ्ठ्या घड्यांत अडकतात, आणि माकडटोपी सुचवणाऱ्या सभासदाने आपली सूचना मागे घेतली. शेवटी बिस्किटांचा पत्र्याचा डबा मुक्रर झाला. समई पंख्याच्या वाऱ्याने विझत राहिली; पंखा बंद केला तेव्हा श्रोते विझू लागले. अध्यक्षांनी ‘वेळेचे महत्त्व’ या विषयावर वीस मिनिटे प्रास्ताविक केले, आणि प्रत्येकास काटेकोरपणे पाच मिनिटे मिळतील अशी ताकीद दिली.

पहिली चिठ्ठी निघाली ती एका निवृत्त मुख्याध्यापकांची. त्यांना सांगावयाचा होता त्यांच्यावर गुदरलेला रेल्वे अपघात. परंतु पार्श्वभूमीशिवाय प्रसंग समजत नाही, अशी त्यांची जन्मभराची शिकवण असल्याने त्यांनी मूळ गाव, कुलदैवत, गोत्र आणि पणजोबांचे देशावर येणे येथून आरंभ केला. घंटा वाजली तेव्हा आजोबांची मुंज नुकतीच लागली होती. सवलतीच्या मिनिटात त्यांनी आजोबांना नोकरीस लावले. रेल्वे अद्याप त्या तालुक्यात यावयाची होती.

त्यांच्यामागून आलेल्या बाईंनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेची हकीकत सांगितली. त्यांच्या कथनात मला काही दोष काढता येणार नाही, कारण त्यांनी पुरावा बरोबर आणला होता. मुरंब्याच्या लहान बरणीत ठेवलेले ते खडे सर्व रांगांतून फिरवण्यात आले, आणि तो मुद्देमाल परत मिळेपर्यंत त्या व्यासपीठावरून खाली उतरल्या नाहीत. एका गृहस्थांनी एका थोर गायकाशी झालेली आपली भेट वर्णन केली, आगगाडीत झालेल्या त्या अविस्मरणीय भेटीत गायकाने त्यांस “जरा सरकता का?” असे म्हटले आणि हे सरकले. त्या तीन शब्दांतील षड्ज अजून कानांत घुमतो, असे ते म्हणाले.

खरी रंगत आली ती एका दांपत्यामुळे. दोघांनीही एकमेकांस न सांगता चिठ्ठ्या टाकल्या होत्या, आणि दोघांच्याही आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग काशीयात्रेत इटारसीला चुकलेली गाडी हाच होता. यजमानांच्या कथनात गाडी चुकली ती बांगड्यांच्या दुकानामुळे. त्यांच्यानंतर एकच वक्ता सोडून पत्नीची चिठ्ठी निघाली. “मागील वक्त्यांच्या बोलण्यात काही तपशील राहून गेले आहेत,” असा विनयाने आरंभ करून त्यांनी जी गाडी चुकवली ती भज्यांच्या गाड्यामुळे. श्रोत्यांतून मागणी झाली की दोघांची समोरासमोर रुजवात घ्यावी. परंतु ते दोघे एकाच रिक्षाने घरी जाणार असल्याचे ध्यानात घेऊन अध्यक्षांनी प्रकरण तहकूब केले.

नंतर माझे नाव पुकारले गेले.

मी उत्तम बोलत होतो. हे मी माझ्या तोंडाने सांगतो, कारण दुसरे कोणी सांगेल असा संभव नाही. वाड्यातील पहाटेचा कुंद पाऊस, “पाणी आले” ही आळीतून उठलेली आरोळी, जिन्याच्या एकेका पायरीने चढणारे तांबूस पाणी, आणि मग माजघराच्या अंधारातून एखाद्या गजेंद्राप्रमाणे हलत बाहेर येणारे ते घंगाळ! सभागृहात खोकला थांबला होता. आमच्या संघाच्या सभेत खोकला थांबणे म्हणजे काय, हे जाणणाऱ्यांसच कळेल.

“आणि त्या घंगाळाच्या दोन्ही कड्या घट्ट धरून, मांजराला मांडीवर घेऊन...”

“कोणी?” तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

तो आवाज मी साडेसात दशके ओळखतो. माझी ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. कोथरूडहून गुडघे दुखत असताना ती मुद्दाम माझे कौतुक पाहावयास आली होती.

“मी,” मी म्हणालो.

“तू कसा असशील? तू वाईला होतास.”

सभागृह जागच्या जागी सावरून बसले. माझ्या पुराने जे साधले नव्हते ते या एका वाक्याने साधले. मी तिला सभेचे नियम समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. परंतु “ताईंना बोलू द्या” असा सर्व बाजूंनी गिल्ला झाला, आणि वेळ पाहणाऱ्या गृहस्थांनी फक्त एवढाच खुलासा मागितला, की ताईंची मिनिटे कोणाच्या खाती खर्ची टाकावयाची. अध्यक्षांनी ती माझ्या खाती टाकली.

“मे महिन्यात आजोळी गेलास आणि तिथं गोवर निघाला. जुलैभर आजीनं अंथरुणातून उठू दिलं नाही. पानशेत झालं तेव्हा तुला कळलंसुद्धा नव्हतं.”

“पण मला पाणी आठवते ना, ताई! गढूळ, घाटाला लागलेले!”

“ते कृष्णेचं.”

यावर जो हशा झाला त्याने विझलेली समई पुन्हा विझली असती. शिरस्तेदारी करून मला पुराव्याचा कायदा चांगला ठाऊक आहे, आणि १८७२ च्या त्या कायद्याने ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून चालत नाही, हे मी तेथल्या तेथे निदर्शनास आणले. ताई म्हणाली, “तेच तर! हे सगळं तू माझ्या तोंडून ऐकलंस.” तो कायदा सरकारने अलीकडे बदलला आहे. ताईस बदलण्याचा अधिकार कोणत्याही सरकारास नाही.

“आणि घंगाळ?” मागून कोणी तरी विचारले. श्रोत्यांची सहानुभूती वक्त्यावरून उडून भांड्यांवर जावी, ही मोठी खेदाची अवस्था होय.

“घंगाळ आईनं आदल्या दिवाळीलाच तांबट आळीत मोडीत दिलं होतं. तळाला भोक पडलेलं.”

मी आधारासाठी सौभाग्यवतींकडे पाहिले. चिटणीसांनी ती दृष्टी पकडून त्यांच्यापुढे ध्वनिक्षेपक नेला. संसारात ज्यांनी कधी माझी बाजू सोडली नाही त्या माझ्या पत्नीने क्षणभर विचार केला आणि अत्यंत प्रामाणिकपणे सांगितले, “मला लग्नाआधी मांजरापर्यंतच सांगितलं होतं.”

गुणांविषयी विस्ताराने लिहिण्याजोगे काही नाही. परीक्षक श्रोत्यांतूनच निवडण्याची पद्धत न्यूयॉर्कात चालत असेल, कारण तेथे दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या दुकानात परीक्षक आणि स्पर्धक भेटत नसावेत. आमच्याकडे सर्वांना दहापैकी नऊ पडले. ज्या एका परीक्षकाने मुख्याध्यापकांना सहा दिले, त्यांच्याशी कुलवृत्तान्तमंडळाने बोलणे टाकले आहे. माझ्या बाबतीत मात्र अर्धे गुण मला आणि अर्धे ताईस द्यावेत काय, असा पेच पडला, आणि तो सोडवताना सर्वच गुण ताईकडे गेले. तिने चिठ्ठी टाकली नव्हती ही हरकत मी नोंदवली. ती फेटाळण्यात आली.

कार्यक्रम संपल्यावर पुष्कळ माणसे मला येऊन भेटली. माझी कथा कशी झाली हे सांगावयास एकही आला नव्हता. प्रत्येकाचे स्वतःचे पानशेत होते, आणि ते ऐकवावयास एक पूरग्रस्त पुरेसा होता. ज्याचा जन्म १९६१ नंतर निदान दहा वर्षांनी झाला असावा, अशा एका उत्साही गृहस्थानेसुद्धा माझ्या खांद्यावर हात ठेवून “आमच्याकडे तर पाणी...” असा आरंभ केला, त्यांची थोरली भावंडे हयात आहेत का, एवढेच मी त्यांस विचारले.

येथे हे प्रकरण मिटावयास हरकत नव्हती. परंतु पुतण्याच्या आग्रहावरून चिटणीसांनी साऱ्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण केले होते, ते त्याने न्यू जर्सीत बसून आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्‌सॲप गटावर टाकले, आणि चोवीस तासांच्या आत नागपूर, बडोदे व मेलबर्न येथून हरकती दाखल होऊ लागल्या. नागपूरच्या मावसभावाचे म्हणणे, मांजर आमच्याकडे नव्हतेच, शेजाऱ्यांकडे होते. मेलबर्नच्या भाचीस गोवर हा आजार पूर्वी किती दिवस चाले याची शंका होती. आणि इंदूरचे आमचे चुलतभाऊ, जे या गटात दिवाळीखेरीज तोंड उघडत नाहीत, त्यांनी एक सविस्तर निवेदन केले, ते असे:

मजकूर घंगाळ आमच्या आईचे असून, तिने ते तुमच्याकडील मुंजीसाठी पुण्यास धाडले होते. ते पानशेतच्या पुरात वाहून गेले, असे तुमच्या मातोश्रींनी तिला कळवले, आणि तिने तो दैवी कोप समजून कधी अवाक्षर काढले नाही. आता ताई भर सभेत सांगते, की ते पुराच्या आधीच मोडीत गेले. सबब, त्या मोडीचे पैसे कोठे आहेत, याचा खुलासा व्हावा.

मी ताबडतोब बाह्या सरसावल्या. जन्मभराची विद्या अखेर घरच्या कामास येण्याचा योग होता. जंगम मालाच्या दाव्यास १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांची मुदत असून ती केव्हाच टळून गेली आहे, असे रीतसर उत्तर मी धाडले. त्यावर इंदूरच्या चुलतभावाचा मुलगा, जो वकील आहे हे मी विसरलो होतो, त्याने नम्रपणे लिहिले, की काका, खरी गोष्ट दडवून ठेवली असेल तर मुदत ती उघडकीस आल्या दिवसापासून धरतात, आणि ती आपल्या संघाच्या कार्यक्रमात उघडकीस आली.

हा मजकूर मी ताईला दूरध्वनीवरून वाचून दाखवला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. गुडघ्यास तेल चोळण्याचा आवाज तेवढा येत होता. आईच्या नावावर बालंट येत आहे, हे तिला दिसत होते.

“मोडीत दिलं ते दुसरं,” ताई म्हणाली. “लहान. हे मोठं घंगाळ पुरातच गेलं. मी माझ्या डोळ्यांनी दिंडीदरवाजातून जाताना पाहिलं.”

“लिहून देशील?”

“देते की.”

तिने दुसऱ्याच दिवशी नातवाकरवी गटावर जबानी पाठवली. इंदूर गप्प झाले. घंगाळ अशा रीतीने पुन्हा पाण्यावर आले, कड्यांसकट, याचे श्रेय अर्थात ताईस आहे. परंतु त्याच जबानीच्या शेवटी, कोणी विचारले नसताना, घंगाळ वाहत गेले तेव्हा ते पूर्णपणे रिकामे होते, असेही एक वाक्य तिने घालून ठेवले आहे. माझ्यापुरते मी समजू शकतो. मांजराच्या बाबतीत मात्र मी अपील करणार आहे.